राखणदार असलेला डबा : कोकणात घरच्यांसोबत लेटरबॉक्सिंग

लेटरबॉक्सिंगचा खेळ समजायला दोन मिनिटं पुरतात. कोणीतरी पाणी न शिरणारा एक डबा एखाद्या जागी ठेवतं. आत छोटी वही आणि हाताने कोरलेला रबरी शिक्का असतो. डब्याची वाट कोड्यात सांगितलेली असते. शोधणारे स्वतःची वही, स्वतःचा शिक्का आणि शाई घेऊन निघतात. डबा सापडला की आतला शिक्का आपल्या वहीत उमटवायचा, आपला शिक्का डब्यातल्या वहीत उमटवायचा, तारीख घालायची आणि डबा होता तसा बंद करून जागेवर ठेवायचा. डब्यातून काही न्यायचं नाही. मोबाइलचं रेंजही लागत नाही, आणि कोकणातल्या बऱ्याच वाड्यांमध्ये ते तसंही नसतं.

हा खेळ इंग्लंडमधल्या डेव्हन परगण्यातला. १८५४ मध्ये जेम्स पेरट नावाच्या वाटाड्याने डार्टमूरच्या माळरानावर, क्रॅनमिअर पूल या आडजागी एक बाटली ठेवली. तिथवर पायपीट करणाऱ्याने आपलं कार्ड तीत टाकून यावं, एवढाच हेतू. पुढे लोक पत्ता लिहिलेली पत्रं तिथे ठेवू लागले आणि पुढे येणारा माणूस ती उचलून टपालात टाकू लागला. नाव त्यावरून पडलं. अमेरिकेत हा छंद पसरला तो १९९८ नंतर, एका नियतकालिकात त्यावर लेख आल्यावर.

डार्टमूरची पद्धत कोकणात जशीच्या तशी चालत नाही. तिथे मैलोनमैल उघडं माळरान आहे. इथे प्रत्येक आंब्याच्या कलमाला, प्रत्येक गडग्याला (दगडी कुंपणाला) मालक आहे, आणि बऱ्याचदा एकाच सातबाऱ्यावर दहा नावं आहेत. वाडीत नवं माणूस शिरलं की पहिल्या बेड्यापासून (कुंपणाच्या फाटकापासून) शेवटच्या घरापर्यंत बातमी पोचते. त्यात ही किनारपट्टी आहे. १९९३ मध्ये रायगड जिल्ह्यात शेखाडीला स्फोटकं उतरवली गेली होती. तेव्हापासून किनाऱ्यावर बेवारस वस्तू दिसली की लोक पोलिसांना कळवतात, आणि कळवायलाच हवं. म्हणून इथे डबा गुपचूप लपवायचा नाही. विचारून ठेवायचा आणि त्याला एक राखणदार नेमायचा. गावाच्या सीमेवरचा राखणदार देव असतोच, डब्याला मात्र हाडामासाचा लागतो.

आधी राखणदार, मग जागा

नवखे लोक आधी सुंदर जागा शोधतात आणि मग परवानगीचा विचार करतात. हा क्रम उलटा करा. डब्याकडे महिन्यातून एकदा नजर टाकेल असं माणूस आधी ठरवा: गावात राहणारी काकी, घरगुती खानावळ चालवणारं कुटुंब, वाचनालयाचे ग्रंथपाल, शाळेतले गुरुजी, चहाच्या टपरीवरचा मालक. त्यांच्या नजरेच्या टप्प्यात डब्याची जागा येते.

जागा खासगी असेल तर मालकाची तोंडी परवानगी पुरते, पण भाऊबंदकीची जमीन असेल तर गावात राहणाऱ्या भावाला विचारा, मुंबईतल्या नव्हे. देवळाच्या आवारासाठी गुरव आणि विश्वस्त दोघांनाही विचारावं लागतं. सार्वजनिक जागा असेल तर ग्रामपंचायतीला साधं पत्र द्या आणि पोलीस पाटलांच्या कानावर घाला. पत्रात पाच गोष्टी पुरेत: खेळ काय आहे, डब्यात काय आहे, तो नेमका कुठे आहे, कधी काढणार, राखणदार कोण. डब्याचा बंद आणि उघडा असे दोन फोटो सोबत जोडा.

पहिले तीन डबे घराच्याच आवारात ठेवावेत, असा आमचा आग्रह आहे. मे महिन्यात चुलत, मावस मिळून आठ-दहा मुलं घरात असतात. एकाने ठेवायचं, बाकीच्यांनी शोधायचं. कोडं कुठे अडतं, शिक्का कुठे पुसट येतो, डब्यात पाणी कुठून शिरतं, हे सगळं या तीन डब्यांत कळतं. मग बाहेर पडा.

कुठे ठेवायचा नाही

ही यादी लांब आहे, पण तिच्यामागची कारणं मुलांना समजावून सांगण्यासारखी आहेत.

सिंधुदुर्ग, विजयदुर्ग, सुवर्णदुर्ग, खांदेरी हे किल्ले २०२५ पासून जागतिक वारसा यादीत आहेत, आणि त्याआधीही ते संरक्षित होतेच. तटबंदीच्या फटीत डबा सरकवताना एक चिरा हलला तरी नुकसान होतं. शोधणारी पंधरा कुटुंबं पंधरा चुकीचे चिरे हलवतात, हे विसरू नका. सड्यावरच्या, म्हणजे उघड्या कातळपठारावरच्या, कातळशिल्पांनाही हेच लागू. बारसू, उक्षी, कशेळी, देवीहसोळ इथे नुसतं चालतानाही पाय जपून टाकावा लागतो. ही शिल्पं वहीतल्या शिक्क्यावर घ्या, डबा तिथून लांब गावात ठेवा. देवराईत काही ठेवायचं नाही आणि तिथलं काही उचलायचंही नाही. त्याला वेगळं कारण लागत नाही.

वाळूत पुरायचं नाही. वेळास, आंजर्ले, गुहागर यांसारख्या किनाऱ्यांवर हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात, आणि वाळू उकरत फिरणारी मुलं तिथे नकोत. शिवाय वाळूत पुरलेला डबा पुढच्या उधाणाला जागेवर नसतो. कांदळवनात आणि भरती-ओहोटीच्या रेषांमधल्या कातळावरही नको.

नारळाखाली ठेवू नका. डबा फुटेल म्हणून नव्हे, डबा उघडून पाच-दहा मिनिटं खाली मान घालून बसलेल्या मुलाच्या डोक्यावर झावळ किंवा नारळ पडेल म्हणून. विहिरीच्या कठड्यावर नको. आंब्या-फणसाच्या ढोलीत नको, तिथे पक्षी, मधमाश्या नाहीतर ओंबील (चावऱ्या तांबड्या मुंग्या) आधीच राहायला आलेले असतात. झाडाला खिळा तर मुळीच ठोकू नका.

गडगा सर्वांत मोहात पाडतो. जांभ्याचे चिरे एकावर एक रचलेले, मध्ये डब्याच्या मापाच्या फटी. पण त्याच फटी फुरसं या विषारी सापाच्या आणि विंचवाच्या आहेत. रत्नागिरी-सिंधुदुर्गात फुरसं विपुल आहे. ते लहान असतं, रंग जांभ्यासारखाच तपकिरी, दिवसा दगडाखाली पडून राहतं. डिवचलं की वेटोळं करून खवले घासत करकर आवाज करतं, पण प्रत्येक वेळी इशारा मिळेलच असं नाही. तेव्हा नियम एकच: ज्या जागेत हात घालण्याआधी आतलं स्पष्ट दिसत नाही, तिथे डबा ठेवायचा नाही. जमिनीपासून गुडघ्याच्या वर आणि मुलाच्या डोळ्यांच्या खाली ही योग्य उंची.

मग उरतं काय? पुष्कळ. पडवीतली फळी, खळ्यातल्या बाकाची खालची बाजू, होडीच्या खोपीतला आडवा वासा, वाचनालयातलं जुन्या दिवाळी अंकांचं कपाट, धर्मशाळेचा कोनाडा. आडजागा नाही म्हणून मजा कमी होत नाही. कोडं चांगलं असेल तर डोळ्यासमोरचा डबाही अर्धा तास सापडत नाही.

डबा

५०० ते ७०० मिलिलिटरचा, चारही बाजूंनी कड्या लागणारा आणि झाकणात सिलिकॉनची पट्टी असलेला पारदर्शक डबा घ्या. पारदर्शक का, तर न उघडता आतली वही दिसावी. काळा, चिकटपट्टी गुंडाळलेला डबा पाहून कोणालाही शंका येईल.

विकत आणल्यावर त्याची परीक्षा घ्या. आत कोरडा टिश्यू पेपर ठेवा, झाकण लावा, वर दगड ठेवून डबा बादलीत रात्रभर बुडवा. सकाळी पेपर कोरडा हवा. मग दुसरी परीक्षा, जी लोक करत नाहीत: डबा तासभर उन्हात तापवा आणि लगेच गार पाण्यात बुडवा. तापलेली हवा गार होताना आकसते आणि पट्टीत जरा जरी फट असेल तर बाहेरचं पाणी आत ओढून घेते. मे अखेरच्या दुपारी वळवाचा पाऊस पडतो तेव्हा नेमकं हेच होतं. साध्या बुडवण्यात पास झालेले डबे इथे नापास होतात. यातले बहुतेक नापास एका वाळूच्या कणामुळे असतात. तो पट्टीच्या खाचेत बसलेला असतो. म्हणून डबा बंद करण्याआधी खाचेतून कोरडं बोट किंवा सुती फडकं फिरवायची सवय मुलांना लावा.

आत वही आणि शिक्का वेगवेगळ्या, दाबून बंद होणाऱ्या पिशव्यांत ठेवा. खोडरबराचा शिक्का आधी सुती कापडात गुंडाळा. खोडरबरातलं मऊपणा आणणारं तेल कडक प्लॅस्टिकला लागलं की ते प्लॅस्टिक विरघळू लागतं आणि शिक्का त्याला चिकटतो. कंपासपेटीत पट्टीला चिकटलेलं खोडरबर सगळ्यांनी पाहिलेलं असतं, हा तोच प्रकार. ओल शोषायला सिलिका जेलच्या ५ ग्रॅमच्या दोन पुड्या पुरतात. केशरी रंगाची घ्या, रंग बदलला की बदलायची वेळ कळते. निळ्या जेलमध्ये कोबाल्टचा क्षार असतो, तो मुलांच्या हाताशी नको. कोणी भाजलेले तांदूळ ठेवायला सांगतं, ते ऐकू नका. ओल फारशी जात नाही आणि किडे मात्र येतात. त्याच कारणाने डब्यात चॉकलेट, काजू, सुगंधी खोडरबर असलं काही नको. वासाला उंदीर प्लॅस्टिक कुरतडतात, आणि केलडी-वानरांना तर डबा पळवायला वासाचंही निमित्त लागत नाही.

शाईचं पॅड डब्यात ठेवायचं नाही. उन्हाने शाई वाळते नाहीतर गळते, आणि गळली की वहीसकट सगळं जातं.

शेवटी एक चिठ्ठी, मजकूर बाहेरून वाचता येईल अशी झाकणाच्या आतून चिकटवलेली: "हा खेळाचा डबा आहे. आत वही आणि रबरी शिक्का आहे. जागेच्या मालकांच्या परवानगीने ठेवला आहे. पाहून झाल्यावर नीट बंद करून इथेच ठेवावा. चौकशी शेजारच्या घरात." पेन्सिलने लिहा. जेलपेनची शाई ओलीने पसरते. मुलांची नावं, फोन नंबर, घराचा पत्ता चिठ्ठीवरही नको आणि वहीतही नको. प्रत्येकाने एक टोपणनाव घ्यावं, तेच शिक्क्याखाली लिहावं.

शिक्का कोरणं

खरा छंद इथे आहे. शोधायला जायला सुट्टी लागते, शिक्का पावसाळ्यातल्या कुठल्याही दुपारी पडवीत बसून कोरता येतो.

साहित्य: मऊ, पांढरं, भुकटी न पडणारं मोठं खोडरबर, चित्रकलेच्या दुकानात मिळणारं लिनो कटर, त्यात व्ही आकाराचं बारीक आणि यू आकाराचं रुंद अशी दोन पाती, सरळ कडांसाठी कागद कापायचा कटर, बटर पेपर, ४बी पेन्सिल, शाईचं पॅड. जुनं, पिवळं पडलेलं खोडरबर घेऊ नका, ते कोरताना तुकड्यांनी निघतं. मोठी, ढोबळ आकृती करायची असेल तर जुन्या स्लिपरच्या तळव्याचं रबर चालतं. त्याला बारीक छिद्रं असतात म्हणून ठसा ठिपकेदार येतो. खेकड्याच्या पाठीला तो उलट शोभतो.

आकृती ३ सेंटिमीटर चौरसात बसेल एवढीच ठेवा आणि पहिल्यांदा भरीव आकार निवडा: खेकडा, हापूस, होडीचं शीड, कोकमाचं फळ. सुरंगीचं फूल सुंदर दिसतं, पण त्यातले केसर कोरणं चौथ्या-पाचव्या शिक्क्याचं काम आहे.

आकृती बटर पेपरवर पेन्सिलने सरळ काढा आणि जो भाग छापून यायला हवा तो गडद भरा. कागद पालथा करून रबरावर ठेवा, एका हाताने घट्ट धरा आणि चमच्याच्या पाठीने घासा. कागद हलला तर रेघ दुहेरी येते. तसं झालं तर ओल्या फडक्याने पुसून पुन्हा करा. रबरावर आकृती उलटी उतरते, आणि शिक्का मारल्यावर सुलटी. ही पायरी टाळून थेट रबरावर चित्र काढलं तर खेकड्याचं काही बिघडत नाही, पण अक्षरं उलटी छापली जातात आणि ते पहिला ठसा उमटल्यावरच कळतं.

आता व्हीच्या पात्याने आकृतीच्या बाहेरून, रेघेला लागून एक बारीक चर काढा. पातं रबरात २ मिलिमीटरपर्यंतच जाऊ द्या. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पात्याचा कल. चराची भिंत आकृतीपासून बाहेर उतरती हवी, डोंगराच्या उतारासारखी. पातं आतल्या बाजूला कललं तर रेघेखालचं रबर पोखरलं जातं, आणि दहाव्या-बाराव्या ठशाला ती रेघ वाकते किंवा तुटते. वळण आलं की हात वळवू नका, रबर फिरवा. रबर धरणारा हात पात्याच्या मागे असावा, कधीही पुढे नाही. चर पुरा झाला की यूच्या पात्याने बाहेरचा मोकळा भाग काढून टाका. तिथे उंचवटे राहिले तर ठशाभोवती काळे फराटे येतात. कोरताना मध्ये मध्ये रद्दी कागदावर ठसा घेत जा. जास्त राहिलेलं रबर काढता येतं, निघालेलं परत लावता येत नाही.

देवनागरी अक्षरं कोरायचीच असतील तर उंची किमान १२ मिलिमीटर ठेवा. शिरोरेषा दीड ते दोन मिलिमीटर जाड असू द्या, तीच अक्षरांना धरून ठेवते. क, ध, घ यांच्या पोटातल्या बारीक जागा शाईने भरून जातात, त्या मुद्दाम मोठ्या काढा. जोडाक्षरं टाळा. शिक्क्यावर एकच आद्याक्षर पुरेसं आहे.

कटर दहा वर्षांच्या वरच्या मुलांनाच द्यावं आणि तेही मोठं माणूस शेजारी असताना. लहानांनी आकृती काढावी, ठसे मारावेत. त्यांना भेंडीचा किंवा बटाट्याचा शिक्का करून द्या, त्यात ती तासभर रमतात. तो डब्यात मात्र टाकू देऊ नका. आठवड्याने डबा उघडवणार नाही.

कोरून झालेला शिक्का लाकडाच्या ठोकळ्यावर रबराच्या गोंदाने चिकटवा. ठोकळ्याच्या वरच्या बाजूला बाण काढा, नाहीतर अर्धे ठसे आडवे पडतात.

ठसा मारायलाही एक पद्धत आहे. शिक्का पॅडवर आपटायचा नाही. शिक्का उताणा धरा आणि पॅड त्यावर हलक्या हाताने टेकवा, म्हणजे शाई फक्त उंच भागाला लागते. वहीच्या पानाखाली जाड पुठ्ठा ठेवा. शिक्का सरळ खाली, तीन आकडे मोजेपर्यंत दाबून, सरळ वर. मुलं तो डोलवतात आणि ठसा दुहेरी येतो. पॅड नसेल तर पाण्याच्या शाईचे स्केचपेन थेट रबरावर रंगवा, दोन-तीन रंगांत, आणि उमटवण्याआधी आरशावर टाकतो तशी तोंडाची वाफ टाका. वाळलेला रंग पुन्हा ओला होतो. काम झाल्यावर ओल्या फडक्याने शिक्का पुसा. थिनर किंवा स्पिरिट लावलं तर रबर चिघळतं किंवा कडक होतं.

शाई घेताना परीक्षा करा: ठसा मारा, दिवसभर वाळू द्या, वर पाण्याचा थेंब सोडा. कचेरीतली जांभळी शाई बहुधा पसरते. जी पसरत नाही ती घ्या.

वही

बाजारातल्या छोट्या वहीचा कागद पातळ असतो, ठसा मागच्या पानावर उतरतो. शिवाय तिला पिना असतात. खाऱ्या हवेत पीन एका पावसाळ्यात गंजते आणि मधली पानं निघून येतात. म्हणून वही घरी शिवा, पाऊण तासाचं काम आहे.

चित्रकलेचा जाड कागद, १२० ते १५० जीएसएम, ए५ मापाचे ८ ताव घ्या. एकात एक ठेवून मधोमध दुमडले की १६ पानं होतात. ठसा एकाच बाजूला घ्यायचा, म्हणजे १६ भेटींची सोय झाली. बाहेरून जाड पुठ्ठ्याचं वेष्टण. घडीवर दाभणाने तीन भोकं पाडा: एक मध्यावर, दोन त्याच्या वर-खाली साडेचार सेंटिमीटरवर. सुती दोऱ्यावर मेणबत्ती घासून घ्या. सुई बाहेरून मधल्या भोकातून आत, आतून वरच्या भोकातून बाहेर, मग बाहेरून मधलं भोक सोडून खालच्या भोकातून आत, आणि शेवटी मधल्याच भोकातून बाहेर. दोऱ्याची दोन टोकं त्या लांब टाक्याच्या दोन बाजूंना आली पाहिजेत. दोन्ही टोकं त्यावरून घेऊन गाठ मारा. एकाच बाजूला आली तर गाठ सैल पडते.

शोधणाऱ्याची वही थोडी मोठी असली तरी चालते. तिच्यात ठशाशेजारी तारीख, गाव आणि वाटेत दिसलेली एखादी गोष्ट लिहायला जागा ठेवा.

कोडं रचताना

कोडं लिहिण्याआधी कोकणातल्या वाटेवर काय बदलतं ते पाहा. जूनमध्ये खळाळणारा पऱ्या मार्चमध्ये नुसता दगडांचा पट्टा असतो. ऑक्टोबरपर्यंत गवत कमरेएवढं, जानेवारीनंतर सड्यावर वणवे. दिवाळीतला "पांढरा दगड" श्रावणात शेवाळाने हिरवा असतो. एकट्या झाडावर विसंबू नका. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीकडच्या कित्येक वाड्यांची खुणेची झाडं एका दुपारी आडवी झाली.

टिकतात त्या खुणा: पाखाडीच्या (चिऱ्यांच्या पायवाटेच्या) पायऱ्या, साकव (ओढ्यावरचा छोटा पूल), तुळशीवृंदावन, विहीर, देवळाची दीपमाळ, मैलाचा दगड. पायऱ्या ही तर कोकणातली देणगीच आहे, त्या मोजता येतात आणि लहान-मोठ्या सगळ्यांच्या मोजणीत सारख्याच येतात. पावलांचं तसं नाही. मोठ्या माणसाचं पाऊल साधारण ७५ सेंटिमीटरचं, आठ-नऊ वर्षांच्या मुलाचं ५० च्या आसपास. "चाळीस पावलं" म्हटलं की दोघांत १० मीटरचा फरक पडतो. पावलं द्यायचीच तर कोणाची ते सांगा, नाहीतर सुंभाची १० मीटरची दोरी सोबत न्यायला सांगा.

एक नमुना:

बेड्यातून आत ये, डावीकडे वळ,
पाखाडीची उतर एकेक पायरी;
एकविसावीवर थांब, विहिरीला पाठ कर,
भात जिथे कांडायचे, तिथे बघ वरी.

यात बेडं, पायऱ्या आणि विहीर या तिन्ही पक्क्या खुणा आहेत. शेवटची ओळ मुलांना एकट्याने सुटत नाही. पडवीत जमिनीत रोवलेलं दगडी वायन कशासाठी असायचं हे घरातल्या आजीला विचारावं लागतं, आणि त्याच्यावरच्या फळीवर डबा असतो. प्रत्येक कोड्यात अशी एक तरी ओळ घाला, जी कोणाला तरी विचारल्याशिवाय पुढे सरकू देत नाही. राखणदारालाही गंमत येते. फक्त मोजणी कुठून सुरू होते ते स्पष्ट हवं. बेड्याला लागून असलेला उंबरठ्याचा चिरा पहिली पायरी धरायचा की नाही, यावरून आख्खं कुटुंब शेजारच्या गोठ्यात पोचतं.

होकायंत्र वापरणार असाल तर कोकणात एक सोय आहे. चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत इथे जेमतेम अंशाचा फरक असल्याने वजाबाकी-बेरीज करावी लागत नाही. लोखंडी फाटक आणि गाडी यांच्यापासून मात्र चार पावलं दूर उभं राहून वाचा. मोबाइलचं होकायंत्र असेल तर चुंबकाचं कव्हर काढा. लहान मुलांना अंशांऐवजी ईशान्य, आग्नेय अशा आठ दिशा द्या. "समुद्राकडे तोंड करा" हे वाक्य खाडीकाठच्या गावात फसवतं. दाभोळला पाणी दक्षिणेला आहे, फेरीबोटीने समोर धोपाव्याला उतरलं की तेच पाणी उत्तरेला.

कोडं लिहून झालं की ती वाट न पाहिलेल्या माणसाला द्या आणि स्वतः मागून गप्प चाला. तो जिथे थांबेल ती ओळ दुरुस्त करा.

शोधायला निघताना

मे महिन्यात सकाळी दहाच्या आत परत येईल असा बेत करा. सड्यावर सावली नसते, जांभा पायाखालून तापतो. माणशी एक लिटर पाणी, बंद बूट, टोपी, हातातली बॅटरी, आणि प्रत्येक मोठ्या माणसाच्या हातात काठी. गवतात शिरण्याआधी काठी आपटायची. दगड उचलायचा नाही, फटीत हात घालायचा नाही, आधी बॅटरीने पाहायचं. काही झालंच, तर चावलेला भाग हलू न देता माणसाला शांत ठेवा, दोरी आवळू नका, चीर देऊ नका, १०८ ला फोन करा किंवा सर्पदंशाची लस असलेलं जवळचं सरकारी रुग्णालय गाठा. निघण्याआधीच ते कुठलं हे विचारून ठेवा.

वाट किनाऱ्यावरून जात असेल तर भरती पाहा. जुना हिशोब सोपा आहे: तिथीला पाऊणाने गुणा. षष्ठीला सहाचे पाऊणपट साडेचार, म्हणजे भरती पहाटे साडेचार आणि संध्याकाळी पाचच्या सुमाराला, आणि ओहोटी साधारण पावणेअकराला. प्रतिपदेपासून पुन्हा एकापासून मोजायचं. हा अंदाज अर्ध्या-पाऊण तासाने चुकतो, म्हणून भरतीचं वेळापत्रकही बघा किंवा बंदरावर विचारा. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात कातळाच्या कडेने जाणारी वाट घेऊच नका. हिरवं शेवाळ धरलेल्या कातळावर ओहोटीतही पाय टिकत नाही.

वाटेत कोणी "कुणाकडे आलात?" असं विचारलं की राखणदाराचं नाव सांगा. तेवढ्याने बहुतेक दारं उघडतात, आणि बऱ्याचदा कोकम सरबतही मिळतं.

मृगाआधी

डबा दिवाळीनंतर, भातकापणी उरकल्यावर ठेवा. जानेवारीत आणि मार्चअखेर एकदा उघडून बघा: पट्टीत वाळू, जेलचा रंग, भरलेली पानं. वही ओली झालेली सापडली तर उन्हात टाकू नका, पानं वाकडी होतात आणि एकमेकांना चिकटतात. पानांमध्ये टिश्यू घालून सावलीत वाऱ्याला ठेवा, टिश्यू दर दोन तासांनी बदला, ओल निघाली की पाटाखाली दाबून ठेवा. बुरशीचे काळे ठिपके पडलेली वही डब्यात परत नको. तिचे फोटो काढून घरी ठेवा आणि नवी शिवा.

मृग नक्षत्र लागायच्या आत, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत, उघड्यावरचा प्रत्येक डबा काढून आणा आणि राखणदाराला तसं सांगा. कोड्यावर "पावसाळ्यात बंद" असं लिहा. पडवीतले, कपाटातले डबे राहिले तरी चालतात. आणलेला डबा गोड्या पाण्याने धुवा, कारण खाचेत मीठ साचलेलं असतं. सिलिकॉनची पट्टी नखाने अलगद सोडवून वेगळी वाळवा, परत बसवताना पीळ पडलेला नाही ना ते पाहा. झाकण कड्या न लावता ठेवा. चार महिने दाबलेली पट्टी चपटी होते आणि दिवाळीत तोच डबा बादलीच्या परीक्षेत गळतो.